जंगलाच्या पैशाचा जमाखर्च

(मंडळाच्या नोकरी-मार्गदर्शन मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. – संपादक)



चिटणीसांनी मला विषय दिला, ‘निसर्ग संवर्धन संस्थेत अनुदानाचा हिशोब ठेवण्याची नोकरी आणि तिच्यासाठी अर्ज’. विषय ऐकून दोघे-तिघे हसले, हे मी पाहिले. त्यांचेही बरोबर आहे. या सभागृहात आपण १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची तयारी करतो, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याची तारीख कधी लागणार याची चर्चा करतो. तिथे वाघ, वटवाघूळ आणि व्हाउचर यांचा काय संबंध?

संबंध आहे. दाव्याची चर्चा संपली की बाहेर चहा पिताना प्रत्येक बाप एकच प्रश्न विचारतो, ‘आमच्या पोरांच्या नोकरीचे काय?’ राज्य सरकारी नोकरीत कन्नडची अट. मग मुलगा बी.कॉम. होतो आणि कोल्हापूर, पुणे नाहीतर गोव्याच्या वसाहतीतल्या कारखान्याची वाट धरतो. घरी म्हातारी माणसे उरतात, शाळेत पट उतरतो, आणि आपण म्हणतो सीमाभागात मराठी टिकली पाहिजे. टिकणार कोणाच्या जिवावर? म्हणून आज मी एका आडवाटेबद्दल बोलणार आहे. ती वाट मी स्वतः चाललो आहे, आणि पहिल्या पावलाला ठेचही खाल्ली आहे.

ही वाट आपल्या दारावरून जाते, हे आधी लक्षात घ्या. खानापूर तालुक्यात २०११ च्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य जाहीर झाले. बारापेडेच्या गुहांतले दुर्मीळ वटवाघूळ पाहायला जगभरचे अभ्यासक येतात. म्हादई उगम पावते ती याच तालुक्यात देगावजवळ. घाट उतरला की गोव्याचे १९९९ साली झालेले म्हादई अभयारण्य, दक्षिणेला दांडेली-जोयड्याकडे काळी व्याघ्र प्रकल्प. या सगळ्या पट्ट्यात काम करणाऱ्या संस्था मुंबई, पुणे, बेंगळूर, म्हैसूर, गोवा इथल्या आहेत. देशात तर अशा संस्था जुन्या आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची, डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया १९६९ ची, म्हैसूरची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन १९९६ ची. अशा संस्थेत जंगलात फिरणारा शास्त्रज्ञ लागतो, तसा त्याच्या जीपच्या डिझेलचा हिशोब लिहिणाराही लागतो. शास्त्रज्ञाच्या जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. हिशोबाच्या जागेसाठी नेमका माणूस मिळत नाही, असे मी बऱ्याच वेळा पाहिले आहे.

आता माझी ठेच सांगतो. मी तेव्हा एका पतसंस्थेत होतो. कीर्द, खतावणी, टॅली, लेखापरीक्षण, सगळे येत होते. एका संवर्धन संस्थेची जाहिरात वाचली, अर्ज केला, मुलाखतीचे बोलावणे आले. कुठली संस्था ते सांगत नाही, आणि चूक माझीच होती. तिथे हिशोबप्रमुख बाईंनी मला एक प्रश्न विचारला. समजा, एका देणगीदाराने जंगलात लावायच्या कॅमेऱ्यांसाठी दिलेले सहा लाख बँकेत पडून आहेत. राखणदारांचा पगार एक तारखेला द्यायचा आहे, एक लाख चाळीस हजार. पण पगाराचा पैसा ज्या सरकारी अनुदानातून यायचा, त्याचा हप्ता अडकला आहे. तुम्ही काय कराल?

मी छाती फुगवून सांगितले, ‘मॅडम, त्यात काय? कॅमेऱ्यांच्या पैशातून उचल करू, पगार भागवू, हप्ता आला की परत फिरवू. गरिबाचा पगार थांबता कामा नये.’

मला वाटले, माणुसकीचे उत्तर दिले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले. निघताना त्या म्हणाल्या, ‘तुमच्या मनात खोट नाही, हे मला दिसते. पण देणगीदाराला तुमचे मन दिसत नाही, त्याला खतावणी दिसते.’ नोकरी मिळाली नाही. बेळगावला परत येईपर्यंत गाडीत मी त्यांनाच दोष देत होतो. मराठी माणूस म्हणून डावलले, असेही एका मित्राला सांगून टाकले. ते खोटे होते. पुढे या कामात पडल्यावर ते कळले.

मित्रांनो, पतसंस्थेत ठेवीदाराचा पैसा गल्ल्यात पडला की तो एक होतो. कोणाच्या ठेवीतून कोणाला कर्ज गेले, हे कोणी विचारत नाही. अनुदानाच्या हिशोबात तसे नाही. इथे प्रत्येक रुपयाला आडनाव असते. हा कोणी दिला, कशासाठी दिला, कधीपर्यंत खर्चायचा, ही तीन उत्तरे त्या रुपयाबरोबर शेवटपर्यंत चालतात. या नोकरीचे सगळे मर्म इतकेच आहे. बाकीचे शिकता येते.

या पैशाची तीन मोठी घराणी आहेत. अर्ज करण्याआधी ती ओळखा, कारण मुलाखतीत हेच विचारतात.

पहिले घराणे परदेशी देणगीचे. त्याला २०१० चा परदेशी देणगी नियमन कायदा लागू आहे, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये तो फार कडक झाला. आता परदेशातला पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, मग पुढे. तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन खेड्यातल्या लहान संस्थेला वाटून द्यायचा, ही वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, ती २० टक्क्यांवर आली. आणि गंमत पाहा, हिशोब ठेवण्याचा खर्च हा प्रशासकीय खर्चातच धरतात. म्हणजे तुमचा स्वतःचा पगार त्या २० टक्क्यांत बसवायची जबाबदारी तुमचीच! या पैशावर बँकेने दिलेले व्याजही परदेशी देणगीच समजले जाते. वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत भरावे लागते, वर्षभरात एक पैसा आला नसला तरी.

दुसरे घराणे कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. त्या यादीत पर्यावरण, वन्यजीव, नैसर्गिक साधनसंपत्ती हे विषय आहेत. असे काम घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नावाची नोंदणी सक्तीची झाली. कंपनीच्या वित्तप्रमुखाला पैसा ठरल्या कामावरच गेला असे प्रमाणित करावे लागते. म्हणून मार्च उजाडला की त्यांचे फोन सुरू होतात, ‘विनियोग प्रमाणपत्र कुठे आहे?’

तिसरे घराणे सरकारी अनुदानाचे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत विनियोग प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिला आहे. तिथे व्याजाचा नियम उलटा. अनुदानाच्या पैशावर व्याज मिळाले तर ते सरकारजमा करायचे. आता बघा, बँकेने दिलेले व्याज एकच, पण एका घराण्यात ते देणगी होते आणि दुसऱ्यात परत करायची रक्कम. ज्याने सगळे एका खात्यात कालवले, तो वर्षअखेर डोक्याला हात लावून बसतो.

शिवाय आयकराचे आहेच. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. जुनी कलमे पाठ करून मुलाखतीला जाऊ नका.

आता त्या कॅमेऱ्यांच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर. आधी संस्थेचा स्वतःचा, विनाअट निधी किती आहे ते पाहायचे. त्यात असेल तर संचालकांच्या लेखी मंजुरीने त्यातून पगार द्यायचा आणि सरकारी हप्त्यापोटी येणे म्हणून नोंद करायची. तेवढा निधी नसेल तर कॅमेऱ्यांच्या देणगीदाराला पत्र लिहायचे, परवानगी मागायची, उत्तर हातात आल्यावरच पैशाला हात लावायचा. पैसा परदेशी असेल तर तो स्थानिक पैशात मिसळायचा विचारसुद्धा करायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, हप्ता उशिरा येणार याचा वास हिशोबनिसाला दोन महिने आधी लागला पाहिजे. एक तारखेला जागा झालेला हिशोबनीस राखणदाराचा पगार वाचवू शकत नाही. माझ्या उत्तरात दया होती. पण दोन महिने आधी कागद हलवला असता तर त्या दयेची वेळच आली नसती.

त्यानंतर मी काय केले? आमच्या भागातल्या एका वाचनालयाचे हिशोब मी फुकट लिहायला घेतले. त्यांनी इमारत निधी म्हणून तीन लाख दहा हजार जमवले होते. वर्गणी आणि इमारत निधी एकाच खात्यात. मी दोन्ही वेगळे काढले, तेव्हा लक्षात आले की इमारत निधीतले बेचाळीस हजार वार्षिक संमेलनात आणि खुर्च्यांत गेले होते. कोणी घरी नेले नव्हते, सगळी पावती जागेवर होती. पण देणगी देणाऱ्याला सांगितले होते इमारत. सभेत मी हे वाचून दाखवले, तेव्हा मोठा गोंधळ झाला. ‘आपल्याच माणसांची उणी काढतोस? विरोधकांच्या हातात कोलीत देतोस?’ मला काका म्हणून हाक मारणारी मुलेही त्या दिवशी बोलेनाशी झाली. शेवटी वाचनालयाच्या अध्यक्षांनीच उठून सांगितले, आकडा फलकावर लावा आणि वर्गणीतून दोन वर्षांत इमारत निधी भरून काढा. तसे झाले. आणि एक नवल झाले. फलक वाचून त्याच वर्षी दोघा जुन्या देणगीदारांनी पुन्हा पैसे दिले.

दुसऱ्या ठिकाणी अर्ज करताना मी गुणपत्रिकेच्या वर हाच कागद लावला. आधीचा हिशोब, नंतरचा हिशोब, कोणाचेही नाव न घालता, समितीची परवानगी घेऊन. मुलाखतीत अर्धा तास तेवढ्यावरच बोलणे झाले. त्यांनी विचारले, ‘आपल्या माणसांसमोर हे वाचताना भीती वाटली नाही?’ मी म्हटले, वाटली. नोकरी लागली.

म्हणून तरुणांना सांगतो, अर्जात ‘कष्टाळू, प्रामाणिक, संघभावना’ असले शब्द लिहू नका. ते सगळेच लिहितात. तुम्ही कोणाचा पैसा कसा वेगळा ठेवला, ते दोन ओळींत लिहा. गणेशोत्सव मंडळ असो, महिला बचत गट असो, शाळेची सहल असो. पुष्कळ ठिकाणी एक्सेलवर प्रत्यक्ष परीक्षा घेतात. एक जीप दोन प्रकल्पांना फिरली, डिझेल कोणाच्या नावावर टाकाल? उत्तर आहे, लॉगबुकमधल्या किलोमीटरप्रमाणे वाटून. एक माणूस दोन प्रकल्पांत काम करतो, पगार कसा वाटाल? त्याच्या वेळेच्या नोंदीप्रमाणे. कॅमेऱ्याच्या किमतीत जीएसटी अंदाजपत्रकातच धरला का? कारण देणगीवर चालणाऱ्या कामात तो कर सहसा परत वळता होत नाही, तो खर्चच असतो. या तीन गोष्टींचा घरी सराव करा.

आता भाषेकडे येतो, आणि थोडे कडू बोलतो.

या कामात रानातून येणारे व्हाउचर कुठल्या भाषेत असते? कणकुंबीकडच्या गाडीवाल्याची पावती मराठीत, दांडेलीच्या पेट्रोल पंपाची कन्नडमध्ये, वाळपईच्या दुकानदाराशी बोलणे कोकणीत, देणगीदाराचा अहवाल इंग्रजीत. शहरातला हुशार अकौंटंट इथे अडतो. त्याला ‘मजुरी’ आणि ‘मदतनीस’ यांतला फरक पावतीवरून कळत नाही. तुम्हाला कळतो. सीमेवर राहिल्याने आपण जे सोसले, त्यानेच ही चार भाषांची शिदोरी आपल्या पदरात टाकली आहे. पण त्यासाठी कन्नड वाचता यायला हवे. कन्नड शिकणे म्हणजे लढा सोडणे, असे आपल्यातले काही जण मुलांना सांगतात. मी त्यांच्या पाया पडून सांगतो, तसे नाही. आपला आक्षेप सक्तीला आहे. अल्पसंख्य भाषिकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, हा आपला हक्क आहे, तो आपण मागतच राहू. पण ज्याला समोरच्याचा कागद वाचता येत नाही, त्याला त्या कागदातली चूकही दाखवता येत नाही. मराठीत बोला, मराठीत मुले वाढवा, आणि कन्नड पावती खडाखडा वाचा.

इथे एक आजोबा मघाशी मला म्हणाले, ‘अरे, या जंगलवाल्या संस्थांमुळेच आमची गावे उठणार ना? त्यांची चाकरी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. भीमगडात गवाळी, कोंगळा, तळेवाडी, आमगाव या गावांत मराठीच बोलली जाते. त्यांच्या स्थलांतराची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. म्हणून अर्ज करण्याआधी त्या संस्थेचे वार्षिक अहवाल आणि ताळेबंद वाचा. पैसा कशावर गेला ते तिथे दिसते. गावांच्या बाबतीत तिची भूमिका काय, हे मुलाखतीत सरळ विचारा. २००६ च्या वनाधिकार कायद्याने सांगितले आहे की गावकऱ्यांचे हक्क आधी ठरले पाहिजेत, आणि वन्यजीवांसाठी गाव हलवायचे तर ग्रामसभेची लेखी संमती हवी. हे न जुमानणारी संस्था असेल तर अर्ज फाडून टाका. पण आतल्या टेबलावर आपला एकही माणूस नसेल, तर पुनर्वसनाचा पैसा कोणाच्या नावावर पडला आणि कोणाच्या हातात गेला, हे विचारणार कोण?

आणखी दोन प्रश्न तुम्ही त्यांना विचारायचे आहेत. माझा पगार कुठल्या अनुदानातून, आणि ते अनुदान कधी संपते? या क्षेत्रातल्या बऱ्याच जागा प्रकल्पाबरोबर येतात आणि प्रकल्पाबरोबर जातात. भविष्य निर्वाह निधी आहे का, करार किती वर्षांचा, हे विचारण्यात लाज नाही. जी संस्था हिशोबनिसाला या प्रश्नाचे धड उत्तर देत नाही, तिचा हिशोब कसा असेल, ते समजा.

शेवटी मंडळाला एक विनंती. परदेशी पैशाचा कायदा आपल्यालाही ओळखता आला पाहिजे. आपल्या गावचा मुलगा अमेरिकेत आहे, अजून भारतीय नागरिक आहे, आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचे शंभर डॉलरही परदेशी देणगीच. एफसीआरएखाली नोंदणी किंवा परवानगी नसताना ते घेणे गुन्हा आहे. राजकीय स्वरूपाच्या संघटनेला तर असा पैसा घ्यायलाच मनाई आहे. उत्साहाच्या भरात कोणी पावती फाडली, तर आपल्याला अडकवायला दुसऱ्या कशाची गरज उरणार नाही.

आपला लढा लोकांच्या रुपया-दोन रुपयांवर उभा राहिला. ज्यांनी तो रुपया दिला, त्यांनी पावती मागितली नाही, विश्वास ठेवला. आज आपण सरकारकडे हिशोब मागतो, आयोगाचा, निकालाचा, आपल्या भाषेचा. तो मागायचा अधिकार ठेवायचा असेल, तर आपल्या प्रत्येक निधीचे खाते वेगळे आणि फलकावर लावलेले असले पाहिजे. या हॉलमधल्या दोन बी.कॉम. मुलामुलींकडे मंडळाचे गेल्या तीन वर्षांचे हिशोब द्या. त्यांना अर्जाला लावायला कागद मिळेल, आणि आपल्याला ताठ मानेने उभे राहता येईल.

त्या दोघांनी सभा संपल्यावर मला भेटावे. व्हाउचरांची फाइल मी बरोबर आणली आहे.

जय महाराष्ट्र!